प्रशिक्षण असं द्या की वर्गाला पत्ता लागू नये

अभिनंदन! तालुक्याच्या सुलभकांच्या, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्यांच्या, यादीत तुमचं नाव आलंय. आता ‘मला जमेल का?’ असली शंका काढत बसू नका. ज्यांनी यादी केली त्यांनीही ती काढलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की प्रत्येक शिक्षकाला सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास मिळाले पाहिजेत. विकास मोजायचा म्हटलं की डोकं लागतं, तास मोजायला हजेरीपत्रक पुरतं. तुम्ही हजेरीपत्रक धरा.

पहिली गोष्ट तारखेची. शाळा भरलेल्या असतानाच प्रशिक्षण ठेवा. द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी तुमच्याकडे आले की मागे राहिलेल्या बाईंकडे पहिली ते चौथीचे वर्ग, खिचडीची चव घेणं आणि ‘आजच्या आज माहिती भरा, अन्यथा’ हा मेसेज, एवढंच उरतं. बहुवर्ग अध्यापनाचं इतकं जिवंत प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या कुठल्या घटकसंचात सापडणार?

सकाळचं सत्र सोपं असतं. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मग प्रास्ताविकाबद्दल आभार. साडेअकरा आपोआप वाजतात. त्यानंतर निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापकांना गोलात उभं करून टाळ्यांचा खेळ घ्या. ते मुकाट्याने खेळतात, कारण बाहेर ऊन असतं आणि जेवण दीडला.

खरं कौशल्य पडद्यावरच्या स्लाइडींत आहे. ‘मुलांना केवळ वाचून दाखवू नका, कृती करू द्या’ ही स्लाइड शब्दन् शब्द वाचून दाखवा. खुर्च्यांवर तासन्‌तास बसलेल्यांपैकी कुणी हसलंच, तर चार्टपेपर आणि स्केचपेन वाटून टाका. गटात एकाचं अक्षर चांगलं असतंच, त्यालाच लिहू द्या. बाकीच्यांना पगारबिलाचा, बदल्यांचा विषय असतो. त्यांच्या अध्ययनात व्यत्यय आणू नये.

आणि सावध राहा, मागच्या रांगेतून एखाद्या बाई हात वर करतील. जिंतूर म्हणा, वडवणी म्हणा, कुठल्याही बाजूच्या असतील. “सर, माझ्या तिसरीत तांड्यावरली लेकरं हायेत. घरी गोरमाटी बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. त्यातली निम्मी दिवाळी झाली की आईबापासंगं उसाला जातात अन्‌ येतात थेट उन्हाळ्यात. जातील तिथल्या शाळेत घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देते मी त्यांच्या हातात. पण फडावर शाळा कुठंय, कुठल्या कारखान्यावर गेली, कोण विचारतंय? परत आली की ‘क’वर. त्यांना परिच्छेद कसा वाचायला शिकवू, तेवढं सांगा.”

हॉलमध्ये पहिल्यांदाच शांतता पसरेल. घाबरू नका. “बाई, प्रश्न छान आहे,” असं म्हणा, तो चार्टपेपरवर लिहून भिंतीला चिकटवा आणि ‘शेवटच्या सत्रात घेऊ’ म्हणून मोकळे व्हा. शेवटच्या सत्रात प्रमाणपत्रं असतात.

चुकूनसुद्धा ‘मग तुम्ही काय करता?’ असं विचारू नका. बाई सांगायला लागतील. त्या म्हणे रोज पाऊण तास इयत्ता बाजूला ठेवतात आणि दुसरी-तिसरी-चौथीची लेकरं ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे बसवतात. लेकरू आपल्या बोलीत जे सांगेल ते फळ्यावर लिहितात, शेजारी मराठी लिहितात, आणि तेच वाक्य त्याचा त्या दिवसाचा धडा. पंधरा दिवसांनी प्रत्येकाला जवळ घेऊन वाचायला लावतात. पुढे सरकला तर गट बदलतात, अडला तर कशात अडला ते वहीत टिपतात. हे फार घातक आहे. एक तर याला खर्च येत नाही. दुसरं म्हणजे याचा फोटो चांगला येत नाही: एक बाई, एक लेकरू, खाली मान घालून दोघं. ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा देणार नाही.

त्यापेक्षा निपुण भारतची, म्हणजे तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करायच्या केंद्राच्या अभियानाची, उद्दिष्टं सांगा. ५ जुलै २०२१ ला अभियान सुरू झालं, ती २०२६-२७ पर्यंत गाठायची आहेत. तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगाने, समजून वाचला पाहिजे. उद्दिष्ट चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त ६० शब्दांपर्यंतची वाट ‘क’पासून निघते, हे बोलून दाखवायचं नसतं.

कुणी शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ काढलं, तर मान डोलवा. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं ते २००९ पासून म्हणतंय. मान डोलवत असतानाच मोबाईलवर आधार पडताळणीची लिंक आलेली असेल, ती पुढच्या ग्रुपवर पाठवा.

उत्तरचाचणीची काळजी करू नका. लिंक सुटायच्या आत उत्तरं ग्रुपवर येतात. पूर्वचाचणीत सगळे कच्चे आणि उत्तरचाचणीत सगळे पक्के झाले, की तुमचं प्रशिक्षण यशस्वी. तिसरीतल्या त्या लेकराची चाचणी मात्र कुणी मागितलेली नाही. अहवालात त्याला रकानाच नाही.

राहता राहिल्या त्या बाई. त्यांचं नाव पुढच्या वर्षीच्या सुलभकांच्या यादीत घाला. इतकं जमणारं माणूस वर्गात ठेवून कसं चालेल? नावं कळवायचं पत्र तुमच्याकडे आजच येईल. मुदत काल संपलेली असेल.