नाकातली नळी आणि काढ्याचा मेसेज

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "आयसीयूत फुप्फुसाच्या पेशंटला नुसतं पावडरचं पाणी देतात. त्यापेक्षा अडुळसा, ज्येष्ठमध, त्रिकटूचा काढा आणि मधातून सितोपलादी नाकातल्या नळीतून द्या. तीन दिवसांत छाती मोकळी. नैसर्गिक आहे, अपाय नाही." मी सोलापुरातच आयसीयूतल्या पेशंटचा आहार ठरवते. आयुष्यभर यंत्रमागाच्या धुळीत उभे राहिलेले काका, विड्या वळणाऱ्या मावश्या... त्यांची मुलं हा मेसेज मला दाखवतात. म्हणून हे लिहिते आहे.

त्या 'पावडरच्या पाण्या'तून 60 किलोच्या माणसाला हळूहळू वाढवत दिवसाला 75-80 ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात. व्हेंटिलेटरवर श्वासाचे स्नायू झपाट्याने झिजतात. मशीन सुटायचं तर ते टिकायला हवेत. काढ्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. शिवाय नीट न गाळलेला काढा बारीक नळी तुंबवतो. मग नळी बदलेपर्यंत पेशंट उपाशी. हे मी पाहिलंय.

अडुळशाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन त्याच्यातल्याच द्रव्यावरून बनलं. पण फुप्फुसाच्या पिशव्यांत सुजेमुळे पाणी भरलं असेल, तर कफ पातळ करून ते निघत नाही.

'अपाय नाही' हे वाक्य मात्र मला फार लागतं. ज्येष्ठमध जास्त गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम उतरतं. या पेशंटचं पोटॅशियम नेब्युलायझरच्या साल्ब्युटामॉलने आणि स्टेरॉइडने आधीच उतरत असतं. ते फार घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. त्रिकटूतली मिरी आणि पिंपळी, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफिलिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात. त्या औषधात पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडंच. सितोपलादी तर नावातच खडीसाखर: 31 भागांत 16 भाग. वर मध. स्टेरॉइडवरच्या मधुमेही माणसाला हे द्यायचं?

नैसर्गिक पूरक द्रव्यांची चाचणीच होत नाही, असंही त्या मेसेजमध्ये म्हटलंय. होते. अमेरिकेत फुप्फुसाला गंभीर इजा झालेल्या 272 पेशंटवर माशाचं आणि वनस्पतीच्या बियांचं तेल, जोडीला अँटिऑक्सिडंट, असा प्रयोग झाला. 2011 मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट व्हेंटिलेटरशिवायचे दिवस कमी भरले. प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. साध्या खोकल्याला आमच्या घरीही अडुळसा उकळतो. पण पेशंट दाखल करताना घरी कुठलं चूर्ण, कुठला काढा, किती दिवस चालू होता, ते सिस्टरना सांगा. पुडी असेल तर सोबत आणा. कुणी रागावणार नाही. पोटॅशियम कशाने घसरतंय हे शोधताना तीच पुडी आम्हाला हवी असते.