कुलूप लावलंय हे मला माहीत आहे का?

ज्ञानमीमांसा, म्हणजे 'माहीत असणं' म्हणजे नक्की काय हे शोधणारं तत्त्वज्ञान, हा विषय घेणाऱ्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवं की यानंतर घराबाहेर पडायला फार वेळ लागतो. बाकीचे लोक जिना उतरताना "कुलूप लावलं ना?" विचारतात आणि "हो" ऐकून बसस्टॉपकडे पळतात. मी मधल्या पायरीवर पुरावे तपासत उभी.

म्हणजे बघा, पहिल्याच लेक्चरला सांगतात की एखादी गोष्ट माहीत असायला तीन अटी, ती तुम्हाला पटलेली हवी, खरी हवी आणि पटण्यामागे धड कारण हवं. प्लेटोच्या 'थिएटेटस'मध्ये ही चर्चा आहे आणि तिथेही शेवटी काहीच ठरत नाही, हे सर जरा हळू आवाजात सांगतात. असो. कुलूप लावलंय असं मला वाटतंय, पहिली अट पास. कारण? आठवतंय ना, चावी फिरवली, कुलपाला हिसका दिला, तेवढ्यात पिशवी खांद्यावरून घसरली. पण पिशवी घसरली ती आज का काल? कुलूप रोज तेच, हिसका तोच, आणि आठवणीवर काही तारीख छापलेली नसते.

इथे एडमंड गेटियर हा तत्त्वज्ञ आडवा येतो. या माणसाने 1963 साली जेमतेम 3 पानांचा लेख लिहिला आणि तेव्हापासून सगळे त्याला उत्तर देत बसलेत. त्याच्या एका उदाहरणात स्मिथला खात्री असते की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात 10 नाणी आहेत हे त्याने स्वतः मोजलेलं असतं (दुसऱ्याच्या खिशातली नाणी का मोजायची हे वर्गात कोणी विचारत नाही), म्हणून तो म्हणतो, नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात 10 नाणी आहेत. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याला पत्ता नसताना, नाणी 10च! वाक्य खरं, पटलेलं, कारणही बरं, तरी याला ज्ञान म्हणवत नाही. माझंही तेच. आठवण कालची आणि कुलूप आज खरंच लावलेलं. वर जाऊन बघितलं तर मस्त लटकत होतं, पण मघाशी मला ते माहीत होतं का? नाही ना!

ताई खालून ओरडते, "अगं लावलंयस, मी बघितलं!" हे शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, प्रत्यक्ष (स्वतः बघणं), अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून ओळखणं), शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे कळण्याचे चार मार्ग, मानतात, पण शब्द विश्वासू माणसाचा हवा, आणि बस दिसायला लागली की ताई काहीही सांगते. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो, त्याचं ऐकायचं तर दरवेळी परत वर चढा. तो बहुतेक तळमजल्यावर राहत असावा.

मग मी कुलपाचा फोटो काढायला लागले. फोटो आजचाच कशावरून, तर त्यावर तारीख आहे. फोनमधली तारीख बरोबर कशावरून? जुन्या ग्रीक संशयवाद्यांनी हे सगळं करून ठेवलंय, कारणाला कारण मागत गेलात की एकतर ते संपतच नाही, नाहीतर गोल फिरून पहिल्यापाशीच येता, नाहीतर कुठेतरी "बास, आहे म्हणजे आहे" म्हणून थांबता. ताई तिसऱ्या पंथाची आहे, मोठ्या आवाजात. तत्त्वज्ञ जी. ई. मूर पण त्यातलाच, 1939 च्या व्याख्यानात त्याने बाहेरचं जग आहे हे सिद्ध करायला चक्क आपले दोन हात दाखवले. माझ्या तर हातात चावी असते, पण चावी हातात आहे म्हणजे कुलूप लागलंय असं थोडंच आहे.

सगळ्यात राग येतो तो ॲल्विन गोल्डमन या तत्त्वज्ञाचा. त्याने 1979 साली मांडलं की तुमचं मत भरवशाच्या प्रक्रियेतून आलेलं असलं की पुरे, त्यामागचं कारण तोंडाने सांगता यायलाच हवं असं नाही. आता ताईला मला कुलूप लावताना बघितल्याचं कधीच आठवत नाही, ती मागे न बघता "लावलंय" म्हणते आणि दरवेळी ते लावलेलंच असतं. म्हणजे तत्त्वज्ञानाचं पान न उघडता ती पास, आणि माझ्याकडे नुसत्या नोट्स. हे मी तिला नीट समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग उद्यापासून कुलूप मीच लावते, तू फक्त गॅस बंद केलास का ते बघत जा."

गॅस! त्याला तर हिसका देऊनही बघता येत नाही.