दिलेला शब्द आणि ४५ दिवस

कोल्हापुरात धंदा शब्दावर चालतो, हे आपण अभिमानानं सांगतो. खरंच आहे ते. गुळाच्या हंगामाआधी अडत्या शेतकऱ्याला उचल देतो. उद्यमनगरात एका शेडमधलं कास्टिंग दुसऱ्या शेडमध्ये मशिनिंगला जातं, सोबत फार तर एक चलन. पण या शब्दाला आधार होता, हे आपण विसरतो. १८९५ साली शाहू महाराजांनी गुळासाठी शाहूपुरी पेठ वसवली. बाजाराला जागा आणि राजाश्रय मिळाला, म्हणून तिथं व्यवहाराची पत तयार झाली.

एकाच तालमीतली, एकमेकांच्या लग्नकार्यात जेवणारी माणसं सहसा पैसे बुडवत नाहीत. गिऱ्हाईक परराज्यातली मोठी कंपनी असेल आणि पर्चेसचा साहेब दर वर्षी बदलत असेल, तर शब्द धरायचा कुणाला?

त्यासाठी २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे आपल्या तोंडी व्यवहाराला उलट कडक मुदत आहे! तरीही तक्रार करायला छोटा शेडवाला धजत नाही. "साहेब दुखावतील, पुढची ऑर्डर जाईल." मला ही भीती अगदी रास्त वाटते. घर त्याच ऑर्डरवर चालतं. अशा माणसाला "कायदा आहे, वापर की" म्हणणं सोपं आहे.

म्हणूनच २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात केलेला बदल मला मोलाचा वाटतो. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करातून वजा करता येत नाही. इथं शेडवाल्याला कुणाशी वाकडं घ्यावं लागत नाही. मार्चएंडला कंपनीचा सीए स्वतःच बिलं काढायला लावतो. आपल्या माणसाचा भिडस्त स्वभाव धरून आखलेला नियम असा चालतो. अर्थात धाक मुख्यतः मार्चअखेरच्या थकबाकीपुरता, आणि मध्यम उद्योग त्यात नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, रद्द करा म्हणून पुरवठादारांवर दबाव आल्याच्या तक्रारीही देशभर झाल्या.

तेव्हा उद्यम नोंदणी करा, तिचा क्रमांक बिलावर छापा, ओळखीच्या गिऱ्हाइकाकडूनही पुराव्यासाठी पीओ (खरेदीची ऑर्डर) लेखी घ्या. आणि आपल्या औद्योगिक संघटनांनी थकलेल्या बिलांच्या तक्रारी सभासदांच्या वतीनं चालवाव्यात. एकट्या शेडवाल्याला साहेबासमोर उभं करू नका.