मागच्या पायरीवर

आमच्या न्यू जर्सीतल्या गावात मेमोरियल डेच्या मिरवणुकीत दरवर्षी एक जुना लाल बंब निघतो. चकचकीत घंटा, मागे आडवी दांडी आणि तिच्याखाली ती रुंदशी पायरी. ती दिसली की कडेला खुर्च्या टाकून बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "तेव्हाचे फायरमन खरे मर्द. आताचे एसी केबिनमध्ये बसून येतात." यंदाही म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या शेजारचे आजोबा त्या पायरीवर उभे राहिलेले आहेत. इथल्या बहुतेक फायर कंपन्या, म्हणजे आग विझवणाऱ्या तुकड्या, स्वयंसेवकांच्या. हेही दिवसा नोकरी करून रात्री भोंग्यावर धावणारे. त्यांच्याकडून कळलं ते असं, की ती पायरी हौसेची नव्हती. होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, गाडीच्या मागच्या बाजूला घड्या घालून रचलेला असतो. आगीच्या अलीकडच्या हायड्रंटपाशी, म्हणजे रस्त्याकडेच्या पाण्याच्या नळापाशी, गाडी थांबली की मागचा माणूस होजचं टोक आणि पाना घेऊन उडी मारणार, हायड्रंटला एक वेढा घालून ते धरून ठेवणार, गाडी पुढे निघणार आणि होज आपोआप रस्त्यावर उलगडत जाणार. मागेच उभं असलं की पाच-दहा सेकंद वाचतात. शिवाय पुढे ड्रायव्हर आणि ऑफिसर बसले की बाकीच्यांना जागाच नसायची. ड्रायव्हरला खुणा करायला मागे एक बझर. त्यांच्या कंपनीत एकदा वाजला की थांब, दोनदा वाजला की चल. हे ऐकून मी हसायलाच लागलो. आमच्या एसटीचा कंडक्टर दुसरं काय करतो?

फक्त एसटीचा कंडक्टर आत असतो. हे बाहेर, जानेवारीत, एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने कोट चढवत. कमरेचा पट्टा दांडीला अडकवायची सोय होती, पण घाईत तो दर वेळी अडकायचाच असं नाही. आणि वळणावर मागचा एखादा उडाला तरी पुढे भोंग्याच्या आवाजात ड्रायव्हरला पत्ता नाही. आग अजून दूर, आणि माणूस आधीच रस्त्यावर.

१९८७ साली अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १५०० क्रमांकाचं मानक काढलं: चालत्या बंबावर प्रत्येकाने सीटवर बसायचं, पट्टा लावायचा, मागच्या पायरीवर कुणी उभं राहायचं नाही. १९९१ मध्ये नव्या गाड्यांना पूर्ण बंदिस्त केबिन आली. मानक म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे कुरकुर भरपूर झाली. परंपरा मोडली, मजा गेली, पोरं नाजूक झाली. आजोबाही तेव्हा कुरकुरणाऱ्यांत होते, हे ते स्वतःच सांगतात.

मला या 'मर्द' प्रकरणाचा राग येतो त्याला कारण आहे. मी डोंबिवलीचा. नऊ वर्षं ८:०७ च्या दारात लटकलो. आम्हीही त्याला शौर्यच समजायचो. आत शिरणाऱ्याला हसायचो. खरी गोष्ट एवढीच, की आत जागा नव्हती. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि त्यातली काही गेली. त्या अपघाताचा फोटो मी पूर्ण बघू शकलो नाही. त्या वळणावर दांडी कशी धरायची, हे माझ्या हाताला अजून माहीत आहे.

आणि हो, गाडीच्या मागे पायरीवर उभं राहून जाणारी माणसं आजही आहेत, इथेही आणि आपल्याकडेही. कचऱ्याच्या गाडीवर. त्यांना मिरवणुकीत बसवून 'खरे मर्द' म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

केबिन आली म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. २००५ मध्ये टेक्सासमधल्या अमॅरिलोत कॉलवर निघालेल्या बंबाच्या केबिनमधून एक तरुण फायरमन वळणावर दार उघडलं गेल्याने बाहेर फेकला गेला आणि दोन दिवसांनी वारला. पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर देशभर फायरमननी पट्टा लावण्याच्या शपथेवर सह्या केल्या. पण मला जास्त पटलं ते पुढचं. जाड कोट-पँट घातल्यावर तो पट्टा पुरतच नव्हता, बकल सापडत नव्हतं! मग बंबांच्या २००९ च्या मानकात पट्टे लांब झाले, लाल किंवा नारिंगी झाले, आणि कुणी पट्टा लावला नसेल तर ऑफिसरला दिसेल अशी सोय आली. इतकी वर्षं पोरांना बेपर्वा म्हणून झालं, आणि टेप घेऊन मापं कुणी घेतली नव्हती.

मिरवणुकीनंतर बंब स्टेशनात परत लागला तेव्हा आजोबांनी मला हाक मारली. "चढ एकदा." इंजिन बंद होतं. मी चढलो. उजवा हात आपोआप दांडीवर गेला, गुडघे जरा वाकले, अंग आतल्या बाजूला झुकलं.

आजोबा खालून बघत होते. म्हणाले, "तू हे आधी केलंयस."