सकाळी अकराची पालकसभा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. शिक्षकांची बाजू मांडताना मी मजुरी करणाऱ्या आईबापांनाच बेफिकीर ठरवलं, आणि पालकसभा होतात त्या रजिस्टरवर सह्या घेण्यापुरत्याच, असं तुम्ही लिहिलंत. सह्यांचं म्हणणं मला मान्य आहे. बाकीच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

शिक्षक पालकांचा सहभाग बहुतेक वेळा सभेच्या हजेरीवरून मोजतात, आणि चूक तिथूनच सुरू होते. नागपूर जिल्ह्यातल्या मौदा, रामटेक, कुही भागात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. बायांच्या टोळीनं ठेका घेतला असेल, तर एक जण अकरा वाजता बांधीतून निघाली की तिच्या वाटचं काम बाकीच्यांवर पडतं. काटोल-नरखेडकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, आणि तिथं मजुरी किलोवर. सभेत गेलेल्या दोन तासांचे पैसे कोणी देत नाही. शाळेत मात्र शेरा पडतो, 'पालक उदासीन'.

पण सभा संध्याकाळी सातला घ्या, हे सांगणंही सोपं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग. बरेच जण नागपूरहून किंवा तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात, शेवटची बस सुटली की परतायची सोय नसते. अकराची वेळ ठरते ती अशी. मात्र अडचण शिक्षकांची आणि ठपका पालकांवर, हे मलाही पटत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 पालकांवर मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य टाकतं. नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना सांगणं हे कलम 24 नुसार शिक्षकाचं काम आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर त्या असतात. बिघडतं ते इतिवृत्तात: 'सर्वानुमते मंजूर' आधीच लिहून ठेवायचं आणि खाली अंगठे घ्यायचे. महिला सदस्याची सही कधी कधी नवराच करून देतो. सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त आणि झालेला खर्च मोठ्यानं वाचून दाखवला, तर पुढच्या वेळी लोक प्रश्न घेऊन येतात.

वेळेचं म्हणाल, तर जिथं आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी लवकर सुटते, तिथं तोच वार धरावा. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी सजवून आणतात, आईबाप आपणहून जमतात. तेव्हा भाषण नको. दहा मिनिटं काढून प्रत्येकाच्या हातात त्याच्या लेकराची वही द्यावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नये, फोन बहुधा बापाच्या खिशात असतो आणि आईपर्यंत निरोप जातच नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते 'घरी अभ्यास घ्या' हे वाक्य. चौथीत शाळा सुटलेल्या आईला ते ऐकून लाज वाटते, आणि ती पुढच्या सभेला येत नाही. त्याऐवजी तिला अक्षर न वाचता करता येईल असं काम सांगावं. रात्री लेकराला धडा वाचायला लावायचा आणि त्याचं बोट पाहायचं. तोंड पुढं आणि बोट मागं राहिलं, तर बहुधा पाठांतर चाललंय. मग पानाची शेवटची ओळ आधी वाचायला सांगायची. ती अडली, तर दुसऱ्या दिवशी लेकरासोबत शिक्षकाला निरोप द्यायचा: 'खालची ओळ आली नाही.' हाही सहभागच आहे, आणि शिक्षकानं तो हजेरीइतक्याच नेमानं नोंदवला पाहिजे.