बेडूक स्वतः माती उकरतो : निफाडच्या बागायतदारांना उत्तर

'एक बागायतदार, निफाड' या नावाने आलेली प्रतिक्रिया उडवून टाक, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी ती उडवणार नाही. ज्यांनी ती वाचली त्यांनी उत्तरही वाचावं, एवढंच.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पावसाळा संपला की जमिनीत पुरून घेणाऱ्या, आपल्या नाशिक-सिन्नर भागातल्या बेडकावर मी लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ लिहितात, "अहो ताई, गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून शेतकऱ्याला बेडूक शिकवू नका. चाळीस वर्षं शेती करतोय, बेडकाने स्वतः बीळ खणलेलं एकदाही पाहिलं नाही. तो उंदराच्या नाहीतर खेकड्याच्या बिळात बसतो. केरळातल्या जांभळ्या बेडकाची माहिती उचलून नाशिकला चिकटवलीत. फोटोवरून बेडूक केवढा तेही कळत नाही. आणि बांधालगतची पट्टी नांगरू नका, पहिल्या पावसानंतर दोन दिवस रोटाव्हेटर थांबवा म्हणे! डिझेलचे आणि मजुरीचे पैसे तुम्ही देणार का?"

आधी या भाषेबद्दल बोलते. 'ताई' म्हणायचं आणि पुढच्याच दमात फ्लॅट काढायचा, ही बोलायची कुठली रीत? मी कुठे राहते याचा बेडकाच्या पायाशी काय संबंध? मुद्दा चुकलाय असं वाटत असेल तर मुद्दा खोडा, माझ्या गॅलरीपर्यंत कशाला यायचं? आणि शेतीचं म्हणाल तर माझे वडील सिन्नर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी होते. बाजरी, मठ, हुलगे, पाऊस झाला तर कांदा. नांगरामागे चालत ढेकळं फोडण्यात माझं बालपण गेलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेच काम असायचं. लग्न होऊन शहरात आले म्हणून माझ्या हाताची माती धुऊन गेली, असं समजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

फोटोचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवायला हवी होती. पूर्ण वाढलेला बेडूक साधारण दोन इंचांचा असतो, तसं फोटोखाली लिहून टाकते.

आता तुमचं मुख्य वाक्य : "बेडकाने स्वतः बीळ खणलेलं एकदाही पाहिलं नाही." पाहिलं नसेल यावर माझा विश्वास आहे. पण दादा, ते दिसणारच नाही, कारण तिथे बीळ उरतच नाही. उंदीर बीळ खणतो तेव्हा माती बाहेर टाकतो, तोंड उघडं ठेवतो, ये-जा करतो. खेकडाही बांधाच्या कडेला चिखलाचा ढीग लावतो. हा बेडूक माती बाहेर टाकत नाही. तो मातीत उतरतो आणि माती त्याच्यावर मिटते. मी जे लेखात लिहिलं ते हेच होतं, घाईत वाचलं की 'बीळ' हा एकच शब्द ध्यानात राहतो.

त्याला एकदा हातात घेऊन उलटा करून बघा. मागचा पाय आखूड आणि जाडजूड असतो, आपल्या डबक्यातल्या लांबटांग्या बेडकासारखा नाही. टाचेच्या आतल्या बाजूला एक कडक उंचवटा असतो, फावड्याच्या पात्यासारखा, कडेला धारदार. बोट फिरवलं की नखासारखा लागतो. ज्याला दुसऱ्याच्या बिळातच राहायचं आहे त्याला हे हत्यार कशाला हवं?

तो मातीत कसा जातो ते सांगते, म्हणजे यापुढे 'पाहिलं नाही' म्हणायची वेळ येणार नाही. आमच्या जुन्या शेताच्या बांधालगत पाऊस थांबल्यावर बॅटरीच्या उजेडात मी हे पाहिलंय, आणि ज्याला धीर आहे त्याला कुठेही पाहता येईल. बेडूक आधी पोट जमिनीला टेकवून बसतो. काही वेळ काहीच होत नाही. मग डावा पाय बाजूला सरकतो, माती ढकलतो. मग उजवा. पुन्हा डावा. प्रत्येक ढकलीबरोबर अंग थोडं थोडं वळतं, म्हणजे ज्या दिशेला तोंड करून तो बसला होता ती दिशाच हळूहळू बदलत जाते. ढुंगण आधी खाली जातं, पाठोपाठ कंबर. बाजूची सैल माती पाठीवर येऊ लागते. शेवटी फक्त आखूड तोंड आणि डोळे वर राहतात. तो डोळे आत ओढून घेतो, वरचे खडे घसरतात आणि झालं. जागा ध्यानात ठेवून मी काडी रोवली नसती तर मलाही दुसऱ्या दिवशी ती सापडली नसती.

उन्हाळ्यातला पुरावाही देते. कांदा चाळीच्या खांबांसाठी आमच्याकडे मे महिन्यात खड्डे घेतले होते. पहारीने वरचा कडक थर फोडला, खाली मुरमाड माती लागली, आणि एका खड्ड्यात मातीच्या बेताच्या पोकळीत हा बेडूक बसलेला निघाला. पाय अंगाखाली घेतलेले, डोळे मिटलेले, अंगाला माती चिकटलेली. वरपासून तिथपर्यंत ना भोक, ना भुयार. पोकळी त्याच्या अंगाच्या मापाची होती, उंदराला त्यात वळताही आलं नसतं. तुम्हाला हा खड्डा खोटा वाटत असेल तर माझा इलाज नाही.

तुम्ही बिळात पाहिलेला बेडूक खरा असणारच, पण तो बहुतेक भेक असावा. खरबरीत अंगाचा, डोळ्यांच्या मागे दोन ठसठशीत ग्रंथी असलेला, घराच्या दिव्याखाली किडे टिपायला येतो तोच. तो दगडाखाली, भिंतीच्या सांदीत, उंदराच्या बिळात कुठेही दडतो. मातीत पुरून घेणाऱ्याच्या डोळ्यांमागे त्या ग्रंथी नसतात, तोंड बोथट असतं आणि अंग गोलसर फुगीर. शिवाय निफाडची बरीच जमीन भारी काळी. या बेडकाला सैल, वाळूमिश्रित किंवा मुरमाड माती मानवते. तुमच्या बागेत तो कमी दिसला तर त्यात नवल नाही, पण तुमच्या चाळीस वर्षांवरून सिन्नरच्या माळाचा निकाल लावता येत नाही.

आणि इतके महिने तो आत जगतो कसा, हे तुम्ही विचारलंच नाहीत. विचारायला हवं होतं, खरी नवलाई तिथे आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, विशेषतः पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून. म्हणून ओल असलेल्या मातीला पोट लावून बसणं हेच त्याचं पाणी पिणं. मूत्राशयात साठवलेलं पाणीही त्याला परत अंगात घेता येतं. शरीराचा सगळा कारभार मंदावतो, श्वास कमी, हालचाल नाही, आणि पोटातल्या चरबीवर गुजराण. कॉलेजात बेडूक फाडलेल्या कुणालाही मूत्रपिंडांजवळचे ते पिवळेधमक मेदपिंड आठवतील. पावसाळ्यात वाळवी, किडे, मुंग्या खाऊन हीच शिदोरी त्याने बांधलेली असते. म्हणून जून ते सप्टेंबर त्याला पोटभर खायला मिळणं हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. किडे मारण्यासाठी आपण जे फवारतो ते त्याच्या याच चार महिन्यांत पडतं, आणि त्याची कातडी पाणी घेते तशी औषधही घेते.

आता केरळचा आरोप. 'उचलून चिकटवलीत' हा शब्दप्रयोग मला लागला, हे कबूल करते. माहिती चोरण्याची मला गरज नाही. जांभळा बेडूक म्हणजे नासिकाबॅट्रॅकस, एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी २००३ मध्ये इडुक्कीहून त्याचं वर्णन केलं. त्याचे जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. तो जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो, खाणंही तिथेच, वाळवी हेच अन्न, आणि अंडी घालण्यापुरता पावसाच्या सुरुवातीला वर येतो. आपला बेडूक पावसाळाभर रात्री वर येऊन जमिनीवर शिकार करतो. तो आपल्या मोठ्या पिवळ्या बैलबेडकाच्या कुळातला. पूर्वी याला सगळे स्फेरोथेका ब्रेव्हिसेप्स म्हणत, ते नाव १७९९ पासूनचं. २०१७ मध्ये आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातला बेडूक वेगळा असल्याचं दाखवून त्याला स्फेरोथेका पश्चिमा असं नाव दिलं. मागच्या पायांनी उलटं उकरत जाणं दोघांतही आहे. ते एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं नाही, आणि मीही नाही.

रोटाव्हेटरबद्दलही थोडं सांगते, कारण तिथे तुम्ही 'म्हणे' लावलंय. पहिल्या पावसाचंच मी का म्हटलं? अमेरिकेच्या वाळवंटातले स्पेडफूट बेडूक असेच पुरून राहतात. डिमिट आणि रुइबल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्या बेडकांना कोरड्या मातीत ठेवून वर मोटारीची कंपनं दिली, तर पाण्याचा थेंब नसतानाही ते वर आले. म्हणजे वर पाऊस कोसळतोय हे त्यांना थरथरीवरूनही कळतं. आपल्या बेडकावर असा प्रयोग झाला की नाही हा वेगळा विषय आहे. मृगाचा पहिला दणका बसला की तो त्याच रात्री वर येतो, खाचखळग्यांतल्या पाण्याशी नर ओरडतात, मादी तिथेच अंडी घालते. वाफसा आला की आपण ट्रॅक्टर घालतो, म्हणजे तो पृष्ठभागाशी असतो नेमका त्याच वेळी. नांगराच्या फाळाने उपटलेला बेडूक वडील उचलून बांधावर ठेवायचे. रोटाव्हेटरच्या पात्यांखालून उचलण्यासारखं काही उरत नाही.

डिझेल आणि मजुरीचं म्हणाल तर तो हिशेब मी इथे मांडत बसणार नाही. द्राक्षाला एका हंगामात औषधांवर काय खर्च होतो हे मला माहीत आहे, दोन दिवसांच्या थांबण्याने कोणी बुडत नाही. ज्याला करायचंय तो पट्टी सोडेल, ज्याला नाही तो सोडणार नाही. बेडकाचा शेतकऱ्याला काय उपयोग, असंही तुम्ही शेवटी जोडलंय. तंगड्यांसाठी बेडूक इतके पकडले गेले की देशाला १९८७ मध्ये निर्यात बंद करावी लागली, त्यामागे शेतातल्या किडींची चिंता होती. याहून जास्त मी समजावणार नाही.

बांधाची पट्टी आणि पहिल्या पावसाचे दोन दिवस, लेखातला हा परिच्छेद आहे तसाच राहील. तुम्ही पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन, पण माझ्या फ्लॅटचा उल्लेख नको. आणि या जूनमध्ये बागेच्या कडेला दोन इंची, बोथट तोंडाचा बेडूक दिसला तर त्याच्या मागच्या टाचेचा फोटो काढून पाठवा, शेजारी काडेपेटी ठेवून.