इन्सास, नेपाळ आणि गिऱ्हाइकाची तक्रार

आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, "डीआरडीओला साधी बंदूक जमली नाही." दुसरा म्हणतो, "स्वदेशी आहे, नावं ठेवू नका." मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात क्वालिटीचं काम करतो, लष्कराशी माझा काडीचा संबंध नाही. पण रोजचं काम गिऱ्हाइकाच्या तक्रारी निस्तरण्याचंच असल्यामुळे मला या गोष्टीत तिसरंच काहीतरी दिसतं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

ही रायफल आपल्या पुण्याची. पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळेत, तिचा आराखडा झाला. १९६२ साली चीनसमोर आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर इशापूरच्या कारखान्यातून ७.६२ मिलिमीटर गोळीची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) आली. दणकट, लांब पल्ल्याची, पण अंगावर वागवायला जड, आणि तिच्या गोळ्याही जड. ऐंशीच्या दशकात बरेच देश ५.५६ च्या हलक्या काडतुसाकडे वळले होते. त्याच वजनात जवान जास्त गोळ्या नेऊ शकतो आणि खांद्याला धक्काही कमी बसतो. आपणही तेच ठरवलं. एकाच ढाच्यावर रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन (आखूड, हलकी बंदूक) असं सगळं कुटुंब उभं करायचं, म्हणजे सुटे भाग आणि प्रशिक्षण दोन्हीत बचत. म्हणूनच नावात 'सिस्टिम' आहे: इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम.

आतली रचना ठिकठिकाणचं बघून केलेली आहे. गॅस पिस्टन आणि फिरणारा बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) एकेच्या, म्हणजे एके-४७ च्या घराण्यातला, गॅस रेग्युलेटर बेल्जियमच्या एफएएल रायफलीच्या धर्तीवर, कॉकिंग हँडल (बोल्ट मागे खेचायचा दांडा) जर्मन एचके ३३ सारखं डाव्या बाजूला पुढे. यावरून लोक फार टिंगल करतात. मला ती पटत नाही. इस्रायलची गलिल तरी काय होती? फिनलंडच्या रायफलीवरून घेतलेली, आणि फिनलंडची एकेवरून. बंदुकीच्या दुनियेत सगळे एकमेकांचं बघूनच शिकलेत.

घोडं अडलं ते कारखान्यात. नव्वदच्या सुमाराला रायफल आणि एलएमजी लष्करानं स्वीकारली, कार्बाइन मात्र रखडली ती रखडलीच. उत्पादन वेळेत सुरू होईना, म्हणून १९९० ते ९२ च्या दरम्यान बाहेरून एक लाखाच्या आसपास एके आणाव्या लागल्या. जवानांच्या हातात इन्सासच्या आधी एके पडली, आणि एकदा एकेची सवय झाली की पुढे येणाऱ्या कुठल्याही बंदुकीची तुलना तिच्याशीच होणार. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास दिमाखात मिरवली. पुढच्याच वर्षी कारगिल.

कारगिलच्या तक्रारी सगळ्यांना माहीत आहेत. थंडीत मॅगझिन (गोळ्यांची पेटी) तडकणं, रायफल अडकणं, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर (चाप एकदा दाबला की तीनच गोळ्या) लावली असता ती थांबायलाच तयार नसणं, आणि नेम धरणाऱ्या जवानाच्याच डोळ्यात तेल उडणं.

लष्कराच्या एका प्रदर्शनात टेबलावर ठेवलेली इन्सास हातात घेऊन बघितली होती. माझं लक्ष सगळ्यात आधी मॅगझिनकडे गेलं. अर्धपारदर्शक प्लास्टिक, आत किती काडतुसं उरलीत ते बाहेरून दिसतं. कल्पना झकास आहे. पण मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या ज्या दोन कडा असतात ना, सगळा खेळ त्यांच्यावर चालतो. त्या केसभर फाकल्या की काडतूस तिरकं वर येतं आणि बोल्ट त्यावर जाऊन आदळतो. प्लास्टिकच्या भागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, शून्याखाली गेल्यावर चुकीच्या ग्रेडचं प्लास्टिक काय करतं ते. उन्हात ठणठणीत असतं, गारठ्यात पडलं की चीर. हा दोष शोधायला रॉकेट सायन्स लागत नाही. भाग फ्रीजरमध्ये ठेवायचा, काढायचा, काँक्रीटवर पाडायचा. जमिनीवर काय उरतं ते बघायचं आणि ग्रेड बदलायची.

म्हणून माझ्या लेखी कारगिलमधली गडबड हा मुख्य मुद्दा नाही. नवी रायफल पहिल्या मोठ्या लढाईत कुरकुरणारच. अमेरिकेच्या एम-१६ नं व्हिएतनाममध्ये जे केलं ते कुठे वेगळं होतं? मुद्दा आहे तक्रार आल्यानंतर काय झालं हा. सुधारित आवृत्ती आली, पण मॅगझिनची रड काही संपली नाही.

आणि या सगळ्यात आपण ती निर्यातही केली.

नेपाळात माओवाद्यांशी लढाई पेटल्यावर, २००१ पासून, भारतानं नेपाळी सैन्याला वीस हजारांहून जास्त इन्सास दिल्या. ७० टक्के सवलतीत. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथे माओवाद्यांनी लष्करी तळावर हल्ला केला. लढाई तासन् तास चालली, ४३ सैनिक गेले. नेपाळी सैन्यानं जाहीरपणे सांगितलं की रायफली ऐन वेळी चालल्या नाहीत, दर्जा खराब आहे. आपल्या दूतावासाचं उत्तर साधारण असं होतं की वापरात चूक झाली असेल, हवं तर प्रशिक्षण देतो.

हे उत्तर मी माझ्या धंद्यात शंभरदा ऐकलंय. "पार्ट ओके आहे, तुमच्या ऑपरेटरनं नीट बसवला नसेल." असं उत्तर देणारा सप्लायर फार दिवस टिकत नाही. निदान जिथे गिऱ्हाईक पूर्ण पैसे मोजतं तिथे तरी नाही. इथे गिऱ्हाइकानं तीस टक्केच मोजले होते. आहेरातल्या साडीचा पोत कुणी विचारायचा नसतो, आणि कुणी विचारलाच तर देणाऱ्याला राग येतो.

नेपाळच्या तक्रारीत राजकारण नव्हतं असं मी म्हणत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली होती आणि भारतानं शस्त्रपुरवठा रोखला होता. संबंध बिघडले होते. हरलेलं सैन्य बंदुकीवर खापर फोडतं हेही जुनंच. पण तक्रार खोटी आहे हे दाखवायलासुद्धा बंदुका परत मागवून उघडून बघाव्या लागतात. गिऱ्हाइकाचा हेतू वाईट असला तरी आलेला पार्ट आम्ही मोजतोच.

आता याच्याच उलट उदाहरण बघा, आणि त्यात गिऱ्हाईक आपणच आहोत. २००२ च्या शेवटी आपण स्पेशल फोर्सेससाठी इस्रायलकडे तीन हजारांवर टॅव्होर रायफली मागवल्या. पहिल्या काही शे आल्या आणि आपल्या लोकांनी त्या चालणार नाहीत म्हणून सांगितलं. इस्रायलच्या कंपनीनं वाद घालत बसण्यापेक्षा बदल केले, २००६ मध्ये पुन्हा चाचण्या झाल्या आणि मग बाकीचा माल आला. आज टॅव्होरच्या कुटुंबातली एक्स-९५ ग्वाल्हेरजवळ मालनपूरला बनते. म्हणजे सुरुवातीला त्यांचीही बंदूक नापास झाली होती, तीही आपल्याच हातात. फरक इतकाच की त्यांना आपण पुढचं गिऱ्हाईक म्हणून हवे होतो. आणि आपण ज्या कडकपणे त्यांची तपासणी केली, तो कडकपणा घरच्या मालाला लावला नाही.

ओमाननंही २०१० च्या सुमाराला इन्सास घेतली, भूतानकडेही आहे. पण रायफलीचं कुटुंब वाढतं ते वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या हवेतल्या तक्रारींवर. एके वाढली ती तशीच. इन्सासचं म्हणाल तर आराखडा पाषाणला, उत्पादन इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीला, गोळ्या भुसावळजवळच्या वरणगावला, आणि वापरणारा जवान सियाचिनला. तक्रार आली की प्रयोगशाळा म्हणणार कारखान्यानं नीट बनवलं नाही, कारखाना म्हणणार आराखड्यात खोट आहे, आणि जवानाला दुसरं दुकानच नाही. अशा साखळीत 'रूट कॉज', म्हणजे दोषाचं मूळ कारण, नावाचा प्राणी जन्माला येत नाही.

पुढचं सगळ्यांनी पेपरात वाचलंय. २०१५ मध्ये नक्षलग्रस्त भागातल्या सीआरपीएफच्या जवानांना इन्सासऐवजी एके दिल्या. एकाच रायफलीला दोन कॅलिबरच्या (मापांच्या) नळ्या बसवता याव्यात, अशा रायफलींची मोठी जागतिक निविदा त्याच वर्षी रद्द झाली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ७२,४०० सिग ७१६ रायफली घेतल्या, २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांची ऑर्डर. अमेठीजवळ कोरव्याला रशियाबरोबर एके-२०३, सहा लाखांच्या वर. पाषाणमध्ये तयार झालेली एक्सकॅलिबर, म्हणजे आखूड नळीची, पूर्ण ऑटो (चाप धरून ठेवला की सलग गोळ्या झाडणारी) इन्सास, चाचण्यांच्या फेऱ्यांमध्येच राहिली. वाईट वाटतं, कारण इन्सासचा नेम चांगला होता आणि धक्का कमी होता. टीका करणारेही हे मान्य करतात.

जानेवारी २०२४ मध्ये त्याच एआरडीईनं हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर 'उग्रम' आणली, ७.६२ ची, चार किलोच्या आत, शंभर दिवसांच्या आत तयार केलेली. त्या शंभर दिवसांचं फार कौतुक झालं. मला त्याचं अप्रूप नाही. आराखडा शंभर दिवसांत होऊ शकतो, बंदूक पिकायला दहा वर्षं लागतात, आणि ती दहा वर्षं कोण मोजणार, पैसे कोण देणार, हे कुणी सांगितलं नाही. तरी एक गोष्ट आशा वाटावी अशी आहे. आता आराखडा सरकारी आणि उत्पादन खासगी अशी जोडी जमतेय. एआरडीईच्याच आराखड्याची, पुण्याच्या भारत फोर्जची कार्बाइन २०२५ मध्ये लष्कराच्या निविदेत सगळ्यात कमी बोलीची ठरली. इन्सासच्या कुटुंबातलं जे अपत्य जन्मलंच नाही, त्याची जागा इतक्या वर्षांनी पुण्यातूनच भरली जातेय. खासगी कंपनीला निदान पुढच्या ऑर्डरची भीती असते.

माझी मागणी साधी आहे. यापुढे मित्रदेशाला बंदूक द्याल तेव्हा हवी तर सवलतीत द्या, पण बरोबर दोन माणसं पाठवा. ती तिथे वर्षभर राहतील, प्रत्येक अडकलेली रायफल उघडतील, फोटो काढतील आणि पुण्याला पाठवतील. सवलतीच्या रकमेपुढे त्यांचा पगार म्हणजे चिल्लर आहे.

माझ्या मित्रयादीत फौजी आणि पोलिसातले बरेच जण आहेत. ज्यांनी इन्सास खांद्यावर वागवली असेल त्यांनी खाली लिहा: मॅगझिन तडकलं ते कुठल्या हवेत, आणि तक्रार केली तर पुढे काय झालं. "आमची कधीच अडकली नाही" असं असेल तर तेही लिहा, मला तेही हवंय.